छातीची बिडी

सरकारने बिडी बंद करायला घेतली आणि ती थेट कौशल्याबाईंच्या ओसरीत येऊन बसली.

तोवर शेषरावांची बिडी घराबाहेर होती. सकाळचा चहा झाला की ते टोपी सारखी करत हिवरखेडच्या बसस्टँडवर जात, सिमेंटच्या बाकावर आपल्या वयाच्या माणसांत बसत आणि कापसाचा भाव, ढगांचा रंग, कुठल्या गावी कोणते साहेब येऊन गेले, असं सगळं धुरात घोळवून जेवायच्या वेळी परतत. कौशल्याबाई सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासून त्यांची एकच अट होती, की बिडीने उंबरा ओलांडायचा नाही. शेषरावांनी ती पाळलीही होती. मग एका दिवाळीच्या आधी कायदा आला, की चारचौघांच्या जागी बिडी ओढली तर दंड. बसस्टँडच्या भिंतीवर पाटी रंगवली गेली. काही दिवस माणसं पाटीखाली बसूनच ओढत राहिली, कारण सावली तिथेच होती. पण एकदा जीप आली, दोघातिघांना खरोखरच दंड झाला आणि बाक रिकामा पडला. माणसं आपापल्या घरी गेली. बिड्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

"हे काय लावलं ओसरीत?" कौशल्याबाई सूप हातात घेऊन बाहेर आल्या.

"बाहेर दंड हाय."

"आन घरात?"

"घरात ओढाले सरकारची ना नाही."

"म्हंजे लोकायच्या नाकाची काळजी सरकारले, अन् माह्या नाकाची कोनालेच नाही! वा रे तुमचं सरकार!"

"माह्यं सरकार कुठून आलं वं?"

"शिक्का माराले तं तुमीच गेले होते, नवी टोपी घालून."

त्या वर्षांत सरकार गावात उठसूट येत होतं. कापसाने लोकांचं कंबरडं मोडलं होतं, वर्तमानपत्रात वऱ्हाडातल्या गावांची नावं वाईट कारणांनी छापून येत होती, आणि त्यावर उपाय म्हणून पांढऱ्या जीपा धूळ उडवत फिरत होत्या. कुणी विहिरी बघायला येई, कुणी माणसांची मनं बघायला. भिंती कमी पडाव्यात एवढ्या पाट्या झाल्या होत्या. कौशल्याबाईंना आधीच्या पाट्याही आठवत. त्या नव्या नवरी होत्या तेव्हा याच भिंतीवर नसबंदीचा लाल तिकोन होता. त्याच्यावर हायब्रीड बियाण्याची जाहिरात आली, तिच्यावर साक्षरतेची पाटी आली. साक्षरतेच्या वर्गाला त्या मोठ्या हौसेने गेल्या होत्या, पण अक्षरं नीट जुळायला लागली आणि गाय व्याली. शिक्षण तिथेच राहिलं.

पाट्यांवर कुणी लिहिलं नव्हतं, पण गावातल्या बायांनी तेव्हा एक काम आपसात न बोलताच सुरू केलं होतं. कपाशीवर फवारायचं औषध घरातल्या पुरुषांच्या सहज हाती लागेल असं ठेवायचं नाही. कौशल्याबाईंनी ते डबे लोखंडी पेटीत टाकले होते आणि पेटीची किल्ली कमरेला लावली होती. फवारणीच्या दिवशी त्या स्वतः डबा काढून देत आणि संध्याकाळी आठवणीने परत घेत. शेषरावांनी कारण कधी विचारलं नाही. समोरच्या घरातल्या धर्मपालला जीपमध्ये आडवा घालून अकोल्याला नेताना त्याचं डोकं शेषरावांच्याच मांडीवर होतं. धर्मपाल परत आला नाही.

पेरणीच्या तोंडावर बियाण्याची गोणी उचलताना शेषरावांच्या जांघेत काहीतरी सरकलं आणि लिंबाएवढी गाठ आली. झोपलं की आत जायची, खोकलं की बाहेर यायची. अकोल्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "अंतर्गळ आहे. हर्निया. ऑपरेशन पोळा झाल्यावर करू, पण बिडी आजपासून बंद. छाती अशी वाजत राहिली तर भूल द्यायला कुणी धजणार नाही, आणि खोकल्याने टाके तुटतील. मध्येच गाठ अडकली, आत जाईना, तर एक क्षण घरी थांबायचं नाही."

कौशल्याबाईंना हे शेवटचं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा सख्खा भाऊ मोतीराम असाच गेला होता. भर पावसाळ्यात आतडं अडकलं, बैलगाडी नाल्याच्या अलीकडे थांबली, आणि पूर उतरेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या नाल्यावर आता पूल होता. बस पुलावर आली की कौशल्याबाई अजूनही खिडकीकडे पाठ करत.

गावात शिरल्या शिरल्या त्या अब्दुल गफ्फारच्या दुकानावर गेल्या. शेषरावांची बिडी तिथूनच येत असे.

"गफ्फारभाई, यायले बिडी दिली तं माह्याशी गाठ हाय."

"भाभी, कसम से, माचिस भी नाही देनार. चिमनी पेटवाले आले तरी तुमाले विचारीन."

आणि गफ्फारने शब्द पाळला. शेषराव दुकानापुढून दोनदोनदा जाऊन आले, जुन्या दोस्तीची आठवण देऊन पाहिली, शेवटी चिडून "तुह्या दुकानात पाय ठेवनार नाही" म्हणाले. गफ्फारने त्यांना एक गोळी दिली, लहान पोरांना देतात तसली, लिमलेटची.

बिडी सुटली, पण खोकला वाढला. असं होतं, छाती साफ व्हायला लागली की काही दिवस जास्तच खोकला येतो, हे कौशल्याबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. शेषराव पहाटे उठून बसत, एका हाताने गाठ दाबून धरत आणि खोकत. प्रत्येक उबळीनंतर कौशल्याबाई गाठ आत गेली का ते विचारत. अडुळसा झाला, हळद-दूध झालं, ओव्याचा शेक झाला. कशानेही फरक पडेना.

अशा दिवसांत त्या आठवडी बाजारात गेल्या. मिरची घेतली, गूळ घेतला, आणि तंबाखू-बिडीच्या दुकानासमोरून जाताना पाय थांबला. मांडून ठेवलेल्या बिडीच्या प्रत्येक कट्ट्यावर एक नवीन चित्र होतं. छातीचा पिंजरा आणि आत दोन फुप्फुसं. अकोल्याला डॉक्टरीणबाईंनी शेषरावांच्या छातीची उजेडासमोर धरून पाहिली होती, थेट तसलीच फिल्म. खाली काही बारीक अक्षरं होती, पण कागद गोल गुंडाळलेला, निम्मी अक्षरं पाठीमागे गेलेली.

चित्र पाहिलं आणि कौशल्याबाईंना एकदम सासू आठवली.

मनकर्णाबाईंना दमा होता. अकोटचे वैद्य त्यांना धोतऱ्याच्या वाळल्या पानांची बिडी देत. घरात तिला छातीची बिडी म्हणत. दम लागला की नव्या सुनेने चुलीतला निखारा चिमट्याने आणायचा, बिडी शिलगावायची, सासूच्या हातात द्यायची आणि पाठीवरून हात फिरवत बाजूला बसायचं. चार झुरक्यांत श्वास मोकळा होई. एरवी दिवसभर कामाला जुंपणारी सासू तेवढा वेळ काही बोलत नसे. वैद्य गेले, त्यांच्याबरोबर ती बिडीही गेली. आता इतक्या वर्षांनी सरकारला बुद्धी सुचली, असं कौशल्याबाईंच्या मनात आलं.

"हे छातीची हाय का?" त्यांनी चित्रावर बोट ठेवून विचारलं.

दुकानदार परगावचा होता, गिऱ्हाइकांच्या गर्दीत होता. "हो बाई, छातीचीच. आता सरकारनं सगळ्यायवरच टाकली." त्याने चित्राबद्दल सांगितलं, त्यांनी बिडीबद्दल ऐकलं.

घरी येऊन त्यांनी कट्टा पेटीत ठेवला, फवारणीच्या डब्यांशेजारी, आणि कुलूप लावलं. औषध म्हटलं की मापात द्यायचं. सकाळी एक आणि सांजेला एक, जेवणानंतर, समोर बसून.

"हे घ्या."

शेषराव बघतच राहिले. "बिडी?"

"बिडी नोहे ते. छातीची हाय. बुढीले वैद्य देत होते तशी. सरकारनं काढली, वरतं फुप्फुसाचा फोटू हाय. हळूहळू वढा."

शेषरावांनी झुरका घेतला. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"कशी हाय?"

"कडू हाय वं," ते म्हणाले. "औषधच हाय."

कौशल्याबाई बाजूला बसल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

असं पोळ्यापर्यंत चाललं. शेषराव वेळेवर जेवू लागले. औषधाची वेळ झाली की स्वतःच ओसरीत जाऊन, भिंतीला टेकून, बाजूची जागा पुसून ठेवत. खोकला काही हटला नाही, पण कौशल्याबाई मनाशी म्हणत, जुना रोग आहे, एका दिवसात थोडाच जाईल. वाटाण्याच्या वेलासारखी त्यांची आशा रोज थोडी वर चढत होती.

पोळा झाला आणि दोघं अकोल्याला गेली. सोबत पिशवीत चादर, तांब्या, बदलायचे कपडे आणि फडक्यात बांधलेला कट्टा. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, पुन्हा छातीला लावली. मग वास घेतल्यासारखं नाक आक्रसलं.

"आजोबा, बिडी सोडली का?"

शेषराव छताकडे पाहू लागले. छतावर पंखा होता, तो फिरत नव्हता, तरी ते त्याच्याकडेच पाहत राहिले.

"सोडली जी," कौशल्याबाई पुढे झाल्या. "माह्या डोयासमोर सोडली. आता निसती छातीची बिडी देतो. दोन टाइम."

"कसली बिडी?"

त्यांनी फडकं सोडून कट्टा टेबलावर ठेवला, चित्र वर करून.

डॉक्टरीणबाईंनी कट्टा उचलला, खाली ठेवला, दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "मावशी, ही साधी बिडी आहे. लोकांनी घाबरून बिडी सोडावी म्हणून सरकारने हे चित्र छापायला लावलंय. ते बघा, भिंतीवर."

भिंतीवर तेच चित्र होतं, हातभर मोठं.

"याच्यात घाबरासारखं काय हाय?" कौशल्याबाईंचा आवाज चढला. "चांगले दोन फुप्फुस काढले. खोकल्याच्या बाटलीवर बी असेच काढतात."

"खाली लिहिलंय ना."

"ज्याले वाचता येते तो बिडीचा कट्टा वाचत बसते का, बाई?"

"तुम्ही एकट्या नाही," डॉक्टरीणबाई वैतागून म्हणाल्या. "परवा एकाला एक्सरे काढून आणा म्हटलं, तर तो हेच घेऊन आला. म्हणे आयताच भेटला." मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "या छातीवर मला ऑपरेशन करता येणार नाही. दिवाळीनंतर या. तोवर एक झुरकाही नको. आणि गाठ आधीपेक्षा मोठी झालीय, हे लक्षात ठेवा."

दवाखान्यातून ऑटोने दोघं बसस्टँडवर आली. बाकावर बसल्यावर कौशल्याबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

शेषरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"मी काय विचारून राहिलो?" कौशल्याबाई म्हणाल्या.

"पह्यल्याच झुरक्यात."

"अन् बोलले नाही?"

"तू म्हने औषध हाय. म्या म्हटलं, असंन बाप्पा. सरकारनं काढली म्हने."

"सरकारनं! जनम गेला बिडी वढन्यात, तुमाले बिडी कळत नाही? माह्या भावाचं काय झालं ते पाह्यलं ना डोयानं? गाडीत तुमीच होते ना त्याच्या उशाशी? मी मूर्खावानी निखारे आनून देत होतो, पाठीवरून हात फिरवत होतो, अन् तुमी..." आजूबाजूची माणसं बघू लागली.

"थेच तं," शेषराव हळूच म्हणाले.

"काय थेच?"

"तू बसे ना जवळ. दोन टाइम. हातात ना सूप, ना निंदनाचं खुरपं. लगन झाल्यापासून तू कवा अशी बसली व्हय? सांग. मायजवळ बसे, तिची बिडी संपेपावतर. मी दारातून पाहो. वाटे, आपल्याले बी दमा पाह्यजे होता."

कौशल्याबाईंना हसू आलं असतं, तर त्यांनी स्वतःलाच माफ केलं नसतं. त्या उठून बसकडे चालू लागल्या. "म्हंजे शेवटी माह्याच अंगावर आलं," त्या जाता जाता म्हणाल्या. "वा! मी बसलो नाही म्हनून यायचं आतडं खाली आलं!"

घरी येऊन त्यांनी पेटी उघडली. फवारणीचा एक डबा रिकामा होता. त्याच्यावरचा कागद ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवला. त्यावर कवटी होती आणि तिच्याखाली लाल तिकोन. हे चित्र वाचायला वऱ्हाडात कुणाला साक्षरतेच्या वर्गात जावं लागत नव्हतं. पिठाची खळ करून त्यांनी तो कवटी-तिकोनाचा कागद उरलेल्या कट्ट्यावर, फुप्फुसांच्या बरोबर वर चिकटवला आणि कट्टा ओसरीच्या खांबाला सुतळीने बांधला.

संध्याकाळी शेषराव वावरातून आले. "हे काय नवीन? नसबंदीचा तिकोन लावला काय? आता या वयात?"

"जवळ जाऊन पाहा."

ते जवळ गेले. हसणं तोंडावरच राहिलं. समोर धर्मपालचं घर होतं, दाराला बाहेरून कडी.

"काढ थे," ते म्हणाले. "घरात नको लावू तसं."

"काढतो. तुमी वढनार नसान तं आत्ता काढतो."

"नाही वढत."

"औषध म्हनून बी?"

"नाही म्हटलं ना. काढ आधी." मग भिंतीला टेकून बसत त्यांनी सवयीने बाजूची जागा पुसली, आणि पुसलेल्या जागेकडे पाहत म्हणाले, "पन बसशीन ना?"

कौशल्याबाईंनी कट्टा सोडला, चुलीत टाकला, आणि येऊन बसल्या.

बसणं ही गोष्ट सोपी नव्हती, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. हातांना काम नसलं की काय करायचं ते सुचत नसे. दूध उतू गेलं, कोंबडी वाळवणात शिरली, कापूस वेचायला निघालेल्या बाया दारातून हाका मारून पुढे गेल्या. "चाला ना वो काकू," त्या ओरडत, "काय राजारानीवानी बसले!" कौशल्याबाई चिडत. शेषराव खोकत आणि म्हणत, "औषध चालू हाय तिचं." तल्लफ आली की ते गुळाचा खडा तोंडात टाकत आणि जुन्या गोष्टी काढत, ज्या त्यांनी बसस्टँडच्या बाकावर सगळ्या गावाला सांगितल्या होत्या आणि बायकोला कधीच नाही. कौशल्याबाईंना त्यातल्या निम्म्या खोट्या वाटत. कामं तुंबली की त्या सरकारला शिव्या देत. बिडी सोडा, हे लिहिणं सोपं आहे. ती सुटेपर्यंत शेजारी बसून कोण राहणार, हे कुठल्याच पाटीवर नव्हतं.

एकदा गाठ आत जाईना. शेषराव पाय वर करून निजले, कौशल्याबाई गफ्फारच्या दुकानाकडे धावल्या, गफ्फारने शटर ओढून मोटरसायकल काढली. पण दारात पोचेपर्यंत गाठ आपोआप सरकली होती. गफ्फार घाम पुसत ओसरीत टेकला. "भाभी, एक बोलू का? थे फोटूवाली बिडी घ्याच्या आधी मले विचारलं असतं तं..."

"तुमाले इचारलं असतं तं तुमी मले हसले असते."

"हसलो तं असतोच," गफ्फार म्हणाला. "पन दिली नसती."

दिवाळी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी लावली. छातीला, पाठीला, पुन्हा छातीला. "मोकळी झाली. कशी सोडली, आजोबा?"

शेषरावांनी बायकोकडे पाहिलं.

"कटकटीनं," कौशल्याबाई म्हणाल्या. धडधाकट बाई रोज दोनदा नुसती बसून राहिली, हे काय दवाखान्यात सांगायचं?

शेषरावांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. सोबत ना वाती आणल्या होत्या, ना निवडायची डाळ. समोर भिंतीवर तेच चित्र होतं, हातभर मोठं. शेजारी एक फेटेवाला म्हातारा येऊन टेकला, कानावर बिडी खोचलेली. त्याने चित्र नीट निरखलं.

"बाई, हे छातीचं औषध कोन्या खिडकीवर भेटते?"

कौशल्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग पदर खोचला आणि त्याच्याकडे वळून बसल्या.

"बुवा, सोबत बायको आनली का?"

"आनली. तिकडं नळावर हाय."

"बलावा तिले," त्या म्हणाल्या. "मले तिच्याशीच बोलाचं हाय."